हृद्‌रोहिणी विकार, शवपरीक्षेतील

हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या थरात मेद, तंतू व चुना (कॅल्शियम) साठून त्या अरुंद होतात; या बदलांची मृत्यूनंतरची पाहणी. अंगावर जखम नसलेला आकस्मिक मृत्यू हा तिचा नेहमीचा प्रसंग. ग्वाल्हेर-इंदूरकडे अशा वेळी पोलीस ‘मर्ग’ (आकस्मिक मृत्यूची नोंद) नोंदवून शव ‘पीएम’ला (शवविच्छेदनाला) पाठवतात.

महारोहिणीतील या रोहिण्यांची मुखे पाहून झाल्यावर डावी मुख्य रोहिणी, तिच्या पुढची उतरती व वळणारी अशा दोन शाखा आणि उजवी रोहिणी यांवर २–३ मिमी. अंतराने आडवे छेद घेतात. कात्रीने उभे चिरणे टाळावे. त्यात गुठळी पुढे ढकलली जाते आणि पोकळी किती उरली होती ते कळत नाही. चुना फार असल्यास रोहिणी सुटी काढून फॉर्मिक आम्लात मऊ करतात, नाहीतर पात्याखाली तिचा चुरा होतो. देवीची लस शोधणारे इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांची सुरी अशाच कठीण भागाला अडली, तेव्हा जुन्या छताचा गिलावा पडला असे वाटून त्यांनी वर पाहिले, असे त्यांचे डॉक्टर मित्र कॅलेब पॅरी यांच्या १७९९ च्या लेखनात आहे.

अरुंदपणा क्षेत्रफळाने ७५ टक्के म्हणजे व्यासाने सुमारे ५० टक्के. अहवालात माप कोणते ते लिहिले नाही, तर ‘ब्लॉकेज किती?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला दोन उत्तरे निघतात. शिवाय रक्तदाब नसलेली रोहिणी मिटते, त्यामुळे अडथळा आहे त्याहून मोठा दिसतो.

मृत्यूनंतर गोठलेले रक्त चकचकीत, लवचिक व सुटे असते. जिवंतपणीची गुठळी कोरडी, ठिसूळ आणि भिंतीला चिकटलेली. ही गुठळी स्नायू मरण्याचे कारण की परिणाम, हा वाद विसाव्या शतकात बराच चालला. अनेक शवांत ती सापडत नसे, म्हणून काहींनी तिला परिणाम मानले. १९८० मध्ये डीवुड व सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर पहिल्या चार तासांत अँजिओग्राफी (रोहिण्यांचे क्ष-किरण चित्रण) केलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्क्यांत रोहिणी पूर्ण बंद आढळली. नंतरच्या तासांत हे प्रमाण घटत गेले. गुठळी विरघळते, हे त्यावरून दिसते. कारणाची बाजू अधिक ग्राह्य वाटते. गुठळी बहुधा साठलेल्या मेदाच्या थरावरचे टोपण फाटून धरते. तरुण स्त्रियांत व धूम्रपान करणाऱ्यांत नुसती अस्तराची झीजही पुरते.

स्नायूतील बदल पहिले काही तास डोळ्यांना दिसत नाहीत. टेट्राझोलियम या जिवंत पेशींत रंग धरणाऱ्या रसायनाच्या द्रावणात ३७° से. ला ठेवलेला काप जिवंत भागी विटकरी लाल होतो, मृत भागी फिका राहतो. मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४५° से. कडे जातो, उशिरा आलेल्या शवात कुजण्यामुळे ही चाचणी फसवते.

अरुंद रोहिणी म्हणजे मृत्यूचे कारण, असे नव्हे. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या, सरासरी २२ वर्षांच्या ३०० अमेरिकन सैनिकांपैकी ७७ टक्क्यांत हा विकार कमीअधिक दिसला होता (१९५३). गव्हात ठेवण्याच्या सल्फास (ॲल्युमिनियम फॉस्फाइड) या कीडनाशकाचे विषही हृदयस्नायू बिघडवते, तेव्हा रासायनिक तपासणीविना निष्कर्ष काढू नये. त्यासाठीचे अवयव संपृक्त मिठाच्या पाण्यात जातात. हृदयाचे तुकडे मात्र १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. ते चुकून मिठाच्या बरणीत पडले तर सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्यासारखे काही उरत नाही.