भूक मोजणारे आठ प्रश्न

पब्लिक हेल्थ न्यूट्रिशनमध्ये मास्टर्स किंवा पीएचडी करणारी मुलं प्रोजेक्टला काय करतात, तर लोकांची वजनं-उंची घेतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. आणि घरात अन्न पुरतंय की नाही हे माणूस बारीक आहे का यावरून कळतं असंही वाटतं. तसं नाहीये. पैसे कमी पडले की माणूस लगेच उपाशी राहत नाही, आधी फळं-भाज्या सुटतात आणि पोट भरणारं स्वस्त खाणं वाढतं, त्यामुळे वजन तेवढंच राहतं, कधी वाढतंही.

मग मोजायचं कसं? याचं उत्तर एका पीएचडीतूनच पुढे आलं. १९९०च्या सुमाराला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात कॅथी रॅडिमर या विद्यार्थिनीने न्यूयॉर्क राज्यातल्या ३२ बायकांशी बोलून भूक म्हणजे काय हे त्यांच्याच तोंडून ऐकलं. कळलं ते असं की भूक पायऱ्यांनी येते, आधी काळजी, मग खाण्याचा दर्जा घसरतो, मग मोठ्यांच्या ताटातलं कमी होतं, आणि मुलांच्या ताटाला हात लागतो तो अगदी शेवटी. त्यातून प्रश्नावल्या तयार झाल्या. आज जगभर वापरतात त्या एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, प्रश्नावलीत ८ प्रश्न आहेत, 'अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का' इथपासून 'अख्खा दिवस उपाशी राहिलात का' इथपर्यंत. प्रत्येकात 'पैशाअभावी किंवा इतर साधनांअभावी' हे शब्द असतातच, नाहीतर उपवास आणि डाएटिंगही भुकेत मोजलं जाईल.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. डेन्मार्कच्या गेओर्ग राश या गणितज्ञाने १९६० साली मांडलेलं मॉडेल इथे लावतात. प्रश्नाची तीव्रता (तो किती बिकट अवस्थेबद्दल विचारतो) आणि घराची तीव्रता (त्या घरात अन्नाची टंचाई किती आहे) दोन्ही एकाच पट्टीवर ठेवायच्या. दोन्ही सारख्या असतील तर 'हो' यायची शक्यता ५० टक्के, घर एक एकक पुढे असेल तर साधारण ७३, दोन एकक पुढे असेल तर ८८. यातली कमाल म्हणजे मॉडेल नीट बसलं तर घराची तीव्रता काढायला कोणते प्रश्न 'हो' होते हे बघावंच लागत नाही, किती 'हो' होते एवढंच पुरतं! आणि ज्यांचे आठही 'नाही' किंवा आठही 'हो', त्यांच्याकडून कुठला प्रश्न किती तीव्र हे काहीच कळत नाही, कारण त्यांनी प्रश्नांमध्ये फरकच केला नाही.

भूक अशी विचारूनच कळते, म्हणून 'ताटाचा फोटो काढा, घराचं पोषण सांगतो' अशा ऍपच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. जे ताटात आलंच नाही त्याचा फोटो कुठून येणार?

मॉडेल नीट बसलंय का हे 'इनफिट' नावाच्या आकड्यावरून बघतात, म्हणजे प्रत्यक्ष उत्तरं अपेक्षेपासून किती भरकटली त्याची प्रत्येक उत्तराच्या व्हेरियन्सनुसार (म्हणजे ते उत्तर 'हो' येईल की 'नाही' हे किती अनिश्चित होतं त्यानुसार) कमी-जास्त महत्त्व देऊन काढलेली सरासरी. तो १ च्या जवळ हवा, ०.७ ते १.३ चालतो. एखाद्या प्रश्नाचा १.६ आला तर बऱ्याचदा दोष लोकांचा नसतो, भाषांतराचा असतो. मग विद्यार्थी परत त्याच लोकांकडे जातो आणि विचारतो, 'या प्रश्नातून तुम्हाला नेमकं काय कळलं?' आणि तिथे समजतं की 'एक वेळचं जेवण चुकलं का' यातलं 'जेवण' कुणी कशाला म्हणायचं इथूनच गोंधळ सुरू झालेला असतो.