तुपात रवा हवा, मेणबत्तीत नको

डिसेंबरच्या सकाळी तुपाची बरणी उघडावी आणि आत टपोरा रवा दिसावा, याचे सुख सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर असे रवाळ तूप. पण अशाच एका सकाळी शेजारच्या ताई रात्री ओतलेल्या बारा मेणबत्त्या ताटात घेऊन आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत विकायला म्हणून काचेच्या ग्लासांत केलेल्या या मेणबत्त्या, बहुतेक सोयाबीनच्या मेणाच्या आणि दोन पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलातून मिळणाऱ्या मेणाच्या. गडद मरून रंगावर बुरशी चढावी तशी पांढरी नक्षी उमटलेली, काचेला जागोजागी ओलसर दिसणारे डाग, आणि पॅराफिनच्या दोन ग्लासांत वातीपाशी खड्डा. “मेणच खराब लागलं हो,” त्या म्हणाल्या.

मेण चांगलेच होते. घोटाळा झाला तो निवताना. आणि त्याची सुरुवात तुपाच्या बरणीतूनच समजून घेता येते.

तूप काय, सोयाबीनचे मेण काय, दोन्ही स्निग्ध पदार्थ. सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मिसळवून ते घट्ट करतात. वनस्पती तूपही याच क्रियेने होते. यातल्या प्रत्येक रेणूला मेदाम्लाच्या तीन लांब शेपट्या असतात. निवताना हे रेणू एकावर एक रचले जातात, पण त्यांची रचना एकाच पद्धतीची नसते. घाईत थंड झाले तर ते जागा मिळेल तसे, सैल बसतात. ही मांडणी टिकाऊ नसते. पुढे काही तासांत किंवा दिवसांत, विशेषतः दिवसा ऊब आणि रात्री गारठा असेल तर, रेणू सरकत सरकत अधिक दाट रचनेत जातात. तेव्हा पृष्ठभागावर बारीक स्फटिक उगवतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरी पूड दिसते. मे महिन्यात वितळलेले आणि फ्रिजमध्ये पुन्हा घट्ट झालेले चॉकलेट पांढुरके दिसते, त्यामागेही हेच कारण आहे.

मग अगदी सावकाश निववावे का? तसे केले तर तुपासारखाच मोठा रवा धरतो. रवाळ तूप हवे असणारी बाई कढवलेल्या तुपाला हात न लावता बरणी कोपऱ्यात ठेवते. मेणबत्तीला नेमके याच्या उलट हवे. मेण ओतण्याआधी हळूहळू ढवळत राहायचे. ते जरासे गढूळ दिसू लागले की समजायचे, आत असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले. आता प्रत्येक स्फटिक थोडा थोडा वाढतो, एकही फार मोठा होत नाही, आणि वरची साय गुळगुळीत येते. ही वेळ प्रत्येक मेणात वेगळ्या तापमानाला येते, म्हणून पाकिटावरचा आकडा आधी पाहावा आणि स्वयंपाकघरातला एक थर्मामीटर मेणासाठीच राखून ठेवावा. अंदाजावर सोडण्यासारखी ही गोष्ट नाही.

तरीही सोया मेणातली पांढरी झाक कायमची घालवता येत नाही, असे मी ताईंना स्पष्टच सांगितले. हेअर ड्रायरने वरचा पातळ थर वितळवला तर तो त्या दिवशी सुरेख दिसतो, पण काही दिवसांनी झाक परत येऊ शकते. माझ्या मते सोया मेणात गडद रंग घालूच नये. पांढऱ्यावर पांढरे उठून दिसत नाही. मरूनच हवा असेल तर पॅराफिन मिसळलेले मेण घ्यावे.

ओल्या डागांचे मूळ वेगळे. तिथे पाण्याचा थेंबही नसतो. मेण घट्ट होताना आकसते आणि काही ठिकाणी काचेपासून सुटते. मधल्या फटीत हवा शिरते. काचेचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचे माप, साधारण १.५, मेणाचाही त्याच्या जवळचा, पण हवेचा १. काच आणि मेण चिकटलेले असतात तिथे प्रकाश सहज आत जातो. फट असते तिथे तो परावर्तित होतो आणि तो भाग वेगळा, ओलसर दिसतो. जळण्यावर याचा काहीच परिणाम होत नाही.

इथे आणखी एक अडचण आहे. मेण थोडे गार करून ओतले तर पांढरी झाक कमी होते, पण गार मेण काचेला नीट चिकटत नाही. म्हणून गरम करायचा तो ग्लास. तो धुऊन, पूर्ण कोरडा करून कोमट करावा. मग तो ठेवायचा कुठे? ताईंनी ग्लास ठेवले होते थेट शहाबादी फरशीवर. सोलापुरात डिसेंबरच्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि दगड बुडातून उष्णता भराभर ओढून घेतो. बूड आधी गोठते, मधला भाग नंतर, आणि काचेवर आडव्या वळ्याही उमटतात. मी त्यांना जुनी सोलापुरी चादर चौपदरी घालायला सांगितली. तिच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता रोखून धरते. ग्लासांत दोन-तीन बोटे अंतर ठेवावे, आणि पंखा बंद.

खड्ड्यांचा त्रास मुख्यतः पॅराफिनचा. ते घट्ट होताना त्याचे आकारमान १० टक्क्यांहून अधिक घटू शकते. कडा आणि वरची साय आधी गोठते, आतले मेण नंतर आकसते आणि खाली पोकळी राहते. साय धरली की सळईने वातीभोवती दोन-तीन भोके पाडावीत, म्हणजे हवा आत जाते. मग राखून ठेवलेले मेण पहिल्यापेक्षा पाचेक अंश जास्त गरम करून वर पातळ थर ओतावा. मेण नेहमी पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवूनच वितळवावे, थेट गॅसवर कधीच नाही. ते पेटलेच तर गॅस बंद करून वर झाकण ठेवायचे, पाणी अजिबात ओतायचे नाही.

काच काळी होते ती वात लांब राहिल्यामुळे. दर वेळी पेटवण्याआधी ती ५–६ मिलिमीटर ठेवून कापावी. वात नुसती पीळ दिलेली असेल तर तिचे टोक ज्योतीतच उभे राहते आणि काजळी धरते. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येते आणि जळून जाते. सुताच्या गावात असा गोफ विणून घेणे अवघड नाही. कडेचे मेण तसेच राहून मधोमध विहीर पडत असेल तर वात बारीक आहे असे समजावे, आणि पहिल्या वेळी ग्लासाच्या तोंडाचा व्यास जितके इंच, साधारण तितके तास मेणबत्ती जळू द्यावी.

वासाच्या तेलात व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा घटक, असेल तर मेण तपकिरी होणारच. तिथे सुरुवातीलाच तपकिरी रंग घातलेला बरा.

ताईंनी मरून ग्लास पुन्हा वितळवले, त्यात पॅराफिन मिसळले आणि चादरीवर ओतले. अकरा नितळ निघाले. बाराव्यावर बोटाएवढा ओला डाग राहिला, तो त्यांनी घरी ठेवला. आता त्या उन्हाळ्याच्या तयारीत आहेत. मे महिन्यात इथे पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहूनही वर, आणि ग्लासातले मऊ मेण ५० अंशांच्या आतच पाघळू लागते, वर तेलाचा घाम येतो. त्यामुळे मार्चनंतर ओतायचे ते पहाटे पाचला, आणि तयार माल ठेवायचा माठाशेजारच्या अंधाऱ्या कोनाड्यात.