पुण्याची जाहीर व्याख्यानं आणि मंडपाचा वाद : पार्श्वभूमी

सामाजिक विषयावरचं एखादं व्याख्यान पुण्यात रद्द झालं, की दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती वक्त्याची. तो काय बोलणार होता, पूर्वी काय बोलला होता, त्याला कोणी बोलावलं होतं. बहुतेक वेळा गाडी अडलेली असते ती भलतीकडेच. सभागृह कोणी द्यायचं, कोणाच्या मांडवात कोणी बोलायचं, लाउडस्पीकरच्या अर्जावर सही कोणाची, इथे. मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्यायची वेळ येण्याआधीच जागेचा प्रश्न उभा राहतो आणि व्याख्यान तिथेच संपतं. या शहरात हे आज सुरू झालेलं नाही.

वसंत व्याख्यानमाला १८७५ची. ती सुरू करणारे महादेव गोविंद रानडे तेव्हा पुण्यात न्यायखात्यात होते. उन्हाळ्यात कोर्टं आणि शाळा बंद, वकील-मास्तर मंडळी मोकळी, संध्याकाळी उघड्यावर बसता येतं आणि पाऊस अजून लांब असतो. तेव्हापासून हा हंगाम पक्का झाला. आजही २१ एप्रिल ते २० मे असा महिनाभर रोज एक व्याख्यान, हाच शिरस्ता आहे. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये स्वामी दयानंदांची व्याख्यानं बुधवार पेठेत भिडे वाड्यात झाली. बोलले हिंदीत, टिपणं निघाली मराठीत. व्याख्यानं सुरळीत पार पडली. गोंधळ झाला तो नंतरच्या मिरवणुकीत. विरोधकांनी गाढवाची प्रतिमिरवणूक काढली. बंद वाड्यात जे चाललं, ते रस्त्यावर येताच चिघळलं.

१८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यान ऐकायला बोलावलं होतं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी कप नुसता हातात धरला, कोणी बाजूला ठेवला. पुढे हजर असलेल्यांची यादीच वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. चाळीसहून अधिक माणसं ग्रामण्यात, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादात, सापडली. त्यांत रानडे होते, टिळकही होते. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं; रानड्यांनी १८९२मध्ये पुण्यात घेतलं आणि त्यावरून त्यांच्याच तरुण अनुयायांचा रोष ओढवून घेतला. त्या संध्याकाळी वक्ता काय बोलला, हे आज कोणाच्या लक्षात नाही. कोणाच्या आवारात कोण बसलं, एवढंच उरलं.

संमती वयाच्या विधेयकाच्या वेळी, फेब्रुवारी १८९१मध्ये, क्रीडाभुवनातली विधेयकाच्या बाजूची सभा दंगा करून उधळली गेली. महिन्याभरात कायदा झाला आणि मुलींचं संमती वय १०वरून १२वर गेलं. इथून पुढे पुण्यात ‘सभा घेणं’ आणि ‘सभा राखणं’ ही दोन वेगळी कामं झाली.

या सगळ्याचा कडेलोट १८९५च्या डिसेंबरात झाला. त्यावर सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात न भरवण्याच्या त्या निर्णयाकडे अजूनही नुसता रानडे-टिळकांमधला रुसवा म्हणून पाहिलं जातं.

रानड्यांच्या पुढाकाराची ही परिषद १८८७ला मद्रासला सुरू झाली. रीत साधी होती. काँग्रेसचं अधिवेशन संपलं, की त्याच मंडपात, बरेचसे तेच प्रतिनिधी बसून विधवाविवाह, बालविवाह, स्त्रीशिक्षण, जातिबंधनं यांवर बोलायचे. मंडप उभा असायचाच, माणसं गावात आलेली असायचीच. वेगळा खर्च जवळजवळ नाही. सलग आठ वर्षं असं चाललं. १८९५ला अकरावं अधिवेशन पुण्याला आलं आणि स्वागत समितीतच प्रश्न निघाला, की मंडप परिषदेला द्यायचा का?

नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं तेव्हा पोकळ नव्हतं. वर्गणी सगळ्या थरांतून गोळा होत होती. सुधारणेच्या विरोधातला माणूस काँग्रेससाठी दोन रुपये देतो, ते त्याच्या घरातल्या रूढी मोडणाऱ्या ठरावांसाठी देत नाही. राजकीय चळवळ सामान्य माणसापर्यंत न्यायची, तर त्याला पहिल्याच पायरीवर दुखवून चालणार नाही. मंडपात मागची आठ वर्षं परिषद भरली, ही सोय होती, हक्क नव्हे. टिळक स्वागत समितीचे एक चिटणीस होते. वाद वाढल्यावर त्यांनी ते पद सोडलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की काँग्रेस उठल्यावर मंडप रिकामाच राहणार आहे, परिषदेत यायची कोणावर सक्ती नाही, आणि बाकीच्या शहरांत जे चाललं ते पुण्यातच का चालू नये?

वाद वर्तमानपत्रांतून आणि सभांतून वाढत गेला आणि शेवटी मंडप जाळून टाकण्याच्या धमक्या आल्या. तेव्हा रानड्यांनी माघार घेतली. परिषदेसाठी वेगळा मंडप घातला गेला, नववी परिषद संस्कृतच्या एका नामवंत पंडितांच्या अध्यक्षतेखाली तिथे पार पडली, आणि काँग्रेसचं अधिवेशन निर्विघ्न झालं. त्या वर्षीच्या काँग्रेस अध्यक्षांनी आपल्या भाषणात हीच भूमिका मांडली, की काँग्रेस सगळ्यांची आहे, म्हणून सामाजिक प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिले पाहिजेत.

माघार शहाणपणाची होती, असं बहुतेक चरित्रकार सांगतात, आणि त्या आठवड्यापुरती ती होतीही. अधिवेशन मोडलं असतं तर सगळ्यांचंच नुकसान होतं. पण तिची किंमत पुढे मोजावी लागली. सामाजिक विषयाला वेगळं छप्पर मिळालं आणि ते कायमचं वेगळंच राहिलं. जास्त घातक ठरलं ते दुसरंच. धमकी दिली की जागा रिकामी करून मिळते, हे शहराने पाहिलं. धमकी देणाऱ्यांना एकही मुद्दा सिद्ध करावा लागला नव्हता. त्याच वर्षी जुनी सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली आणि १८९६मध्ये रानडे-पक्षाने आपली नवी डेक्कन सभा काढली. तिथून पुण्यात प्रत्येक पक्षाचं आपापलं सभागृह, आपापला श्रोता.

आंबेडकरांनी हा धागा दोनदा उचलला. १९३६ला लाहोरसाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी पुण्याच्या मंडपाच्या धमकीची आठवण दिली. ते भाषण आयोजकांनी रद्द केल्यामुळे झालंच नाही आणि त्यांना ते स्वखर्चाने छापावं लागलं. दुसऱ्यांदा १८ जानेवारी १९४३ला, रानड्यांच्या जयंतीला, पुण्यातच गोखले स्मारकाच्या सभागृहात. समाज माणसाचा छळ सरकारपेक्षा कितीतरी जास्त करू शकतो, हे त्यांनी तिथे मांडलं. बोलावणारी संस्था होती १८९६ची डेक्कन सभा, त्या फुटीतून जन्मलेली.

मधल्या काळात गणेशोत्सवाने व्याख्यानांना दुसरा हंगाम दिला आणि १९२०च्या दशकात ब्राह्मणेतरांच्या मेळ्यांनी त्याच उत्सवात उलट बाजूने गाणी आणि भाषणं आणली. त्याचा इतिहास स्वतंत्र आहे.

१० फेब्रुवारी १९४९ला पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि व्याख्यानांचा एक वेगळाच मार्ग उघडला. विद्यापीठाच्या बहिःशाल (वर्गाबाहेरच्या) शिक्षण मंडळामार्फत पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत पहिल्या कुलगुरूंच्या नावाची व्याख्यानमाला चालते. पद्धत ठरलेली आहे. मंडळाची वक्त्यांची मान्य यादी असते, महाविद्यालय तिच्यातून वक्ते आणि विषय निवडतं, बहुधा तीन व्याख्यानं लावतं, मानधन आणि प्रवासखर्चाची पावती जोडून अहवाल पाठवतं. तालुक्याच्या गावात जातिभेद, हुंडा, अंधश्रद्धा, पाणी यांवर चांगला वक्ता पोहोचतो, ही या योजनेची खरी कमाई. बिघडतं ते वेळेत. व्याख्यान सकाळी अकराला, तास बुडवून लावलं जातं. विद्यार्थी हजेरीसाठी बसतात, गावातला माणूस शेतावर किंवा कामावर असतो. अहवालात श्रोत्यांचा आकडा भरघोस दिसतो आणि एकही प्रश्न विचारला गेलेला नसतो. हीच व्याख्यानं संध्याकाळी सहाला ग्रामपंचायतीच्या आवारात लावणारी महाविद्यालयं आहेत, आणि तिथे प्रश्न थांबवावे लागतात.

प्रश्नांच्या चिठ्ठ्यांची पद्धत पुण्यातल्या व्याख्यानमालांत फार रुळलेली. माइक श्रोत्यांत फिरवला, की प्रश्नाऐवजी दहा मिनिटांचं भाषण सुरू होतं, म्हणून चिठ्ठी. चिठ्ठ्या संयोजकाकडे, तिथून अध्यक्षांकडे जातात. या दोन हातांत अडचणीची चिठ्ठी खाली सरकते. साधा उपाय आहे. चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने वाचायच्या आणि न वाचलेल्या किती, ते जाहीर सांगायचं. वेळेचं गणितही आधीच मांडायला हवं. दीड तासाच्या कार्यक्रमात परिचय ५ मिनिटं, व्याख्यान ५० मिनिटं, प्रश्न २५, अध्यक्षीय ७, आभार ३. प्रत्यक्षात स्वागत-सत्कारातच २० मिनिटं जातात आणि ती कापली जातात प्रश्नांतूनच.

आता परवानग्या. बंद सभागृहात व्याख्यान असेल, तर आधी सभागृहाची तारीख आणि अनामत. महापालिकेच्या रंगमंदिरांत नाटकांच्या तारखा आधी लागतात. व्याख्यानाला उरलेलं सत्र. मग स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र : विषय, वक्त्यांची नावं, अपेक्षित श्रोते, संयोजकाचा संपर्क. उघड्यावर असेल तर त्यात जागामालकाची संमती, मंडप परवाना, वाहतूक शाखेचं ना-हरकत आणि लाउडस्पीकरचा परवाना हे वाढतं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंद सभागृहाला त्यातून सूट आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात ५०. शिवाय पोलीस कायद्याच्या कलम ३७(३)खाली जमावाला मनाई करणारा आदेश एका वेळी १५ दिवसांपर्यंतचा काढता येतो आणि शहरात तो वरचेवर निघतो. अर्ज करताना तो लागू आहे का, हे पाहिलं नाही, तर बाकी सगळे कागद असूनही कार्यक्रम अडतो. वादाचा विषय असेल, तर संयोजकाच्या हातात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ची, गुन्हा घडू नये म्हणून पोलीस देतात ती, नोटीस पडायची. जुलै २०२४पासून तीच नव्या संहितेच्या कलम १६८खाली येते. ही नोटीस म्हणजे बंदी नव्हे. पण ती सभागृहाच्या व्यवस्थापकाला दाखवली गेली, की तो तारीख रद्द करतो. कागदोपत्री व्याख्यानावर कोणीच बंदी घातलेली नसते, त्यामुळे दाद कुठे मागायची हेही ठरत नाही. अशा वेळी व्यवस्थापकाकडून रद्द केल्याचं कारण लेखी घ्यावं. तोंडी नकारावर पुढे काहीच उभं राहत नाही.

१९७०च्या मार्चमध्ये मुस्लिम समाजातल्या सुधारणेसाठी मुस्लिम सत्यशोधक मंडळ पुण्यातच स्थापन झालं, आणि तलाक, बहुपत्नीत्व यांवरची व्याख्यानं शहराने ऐकली, दगडफेकही पाहिली. तरी वक्ता सुरक्षित घरी पोहोचेल, असं गृहीत धरलं जायचं. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि ते गृहीतक संपलं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव व्याख्यानं दिली, त्याचा अध्यादेश चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मे २०२४मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. संयोजकांच्या यादीत तेव्हापासून पोलीस बंदोबस्त हे कलम कायमचं आलं.

३१ डिसेंबर २०१७ची शनिवारवाड्यापुढची एल्गार परिषद आणि तिच्यावरून ८ जानेवारी २०१८ला दाखल झालेला गुन्हा सर्वांना माहीत आहे. जानेवारी २०२०मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे (एनआयए) गेला. व्याख्यानांच्या दृष्टीने नोंद घ्यायची ती पुढच्या खेपेची. ३१ डिसेंबर २०२०ला परवानगी नाकारली गेली, कारण कोविड. ३० जानेवारी २०२१ला ती मिळाली, पण बंद सभागृहात, गणेश कला क्रीडा मंचात. त्या सभेतल्या एका भाषणावरूनही गुन्हा दाखल झाला. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणातून सामाजिक प्रश्न पुन्हा छपराखाली गेला, आणि यावेळी वेगळा मंडप घालायचीही सोय नव्हती.

कोविडमध्ये बऱ्याच व्याख्यानमाला ऑनलाइन गेल्या. त्यांना जागा लागत नाही, परवानगी लागत नाही, श्रोते नागपूर-नाशिकहून आणि परदेशातूनही येतात. चिठ्ठीची जागा लेखी प्रश्नांनी घेतली आणि ते सगळ्यांना दिसतात, म्हणून गाळता येत नाहीत. मात्र संयोजकाने ते बंद ठेवले, तर प्रश्न असल्याचंही कळत नाही. कार्यक्रम पुन्हा सभागृहात आल्यावर काही मालांनी पडद्यावर आलेले प्रश्न क्रमाने दाखवण्याची रीत ठेवली आहे. बाकीच्यांनी ती उचलायला हरकत नाही. त्यासाठी एक प्रोजेक्टर आणि एक स्वयंसेवक पुरतो.