योनिमुखाचा पॅजेट रोग

योनिमुखाच्या त्वचेत अगदी सावकाश पसरणारा दुर्मीळ कर्करोग. सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाग्राच्या अशाच रोगाचे वर्णन केले, तेच नाव यालाही मिळाले. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या, साठीपुढच्या स्त्रिया असतात.

सुरुवात खाजेने होते. लाल, ओलसर चट्टा आणि त्यावर पांढरट पापुद्रे. दिसायला थेट इसब किंवा नायटा. पुण्यातही अनेकींचा पहिला उपचार म्हणजे मेडिकलमधून आणलेली ‘खाजेची ट्यूब’. त्यातल्या स्टेरॉइडने खाज शमते, चट्टा हटत नाही. ‘जागेवरचं दुखणं’ घरात सांगायचा संकोच असतोच, त्यात वर्षे जातात. काही आठवड्यांच्या उपचाराने न गेलेल्या चट्ट्याचा तुकडा तपासायलाच हवा. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, फार तर एखादा टाका पडतो. ससूनसारख्या सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोग आणि स्त्रीरोग असे दोन्ही विभाग आहेत. या आजारात दोघांनी मिळून पाहिलेले बरे.

निदानानंतर गुदमार्ग, मूत्राशय व स्तन तपासतात, कारण क्वचित कर्करोगाची मूळ गाठ तिथे असते.

रोग त्वचेच्या वरच्या थरातच असेल तर मुख्य उपचार म्हणजे चट्टा भोवतीच्या कातडीसह कापून काढणे. अडचण अशी की रोगपेशी डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या बाहेरही विखुरलेल्या असतात. म्हणून कापलेल्या तुकड्याच्या कडा तपासणीत साफ आल्यावरही रोग उलटतो. मोज शस्त्रक्रियेत थर काढत, प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत पुढे जातात; त्यात निरोगी कातडी वाचते. मोठ्या जखमेवर मांडीची कातडी लावावी लागते. लघवी, बसणे, शरीरसंबंध या सगळ्यांवर परिणाम होतो, आणि हे शस्त्रक्रियेआधीच बाईला स्पष्ट सांगितले पाहिजे.

इमिक्विमोड हे पाच टक्क्यांचे मलम आठवड्यातून तीन-चार रात्री, काही महिने लावतात. ते रोगप्रतिकारशक्तीला त्या जागी जागे करते. अनेकींचा चट्टा पूर्ण जातो. आग, सोलपटणे, अंग मोडून येणे हे त्रास होतात, तेव्हा चार दिवस थांबून पुन्हा सुरू करतात. वयामुळे शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना किरणोपचार देतात. लेसर आणि प्रकाशोपचारही वापरतात, पण त्यांनंतर रोग वारंवार उलटतो.

पेशी खोल उतरल्या असतील तर जांघेतल्या लसिकाग्रंथी तपासाव्या लागतात, पसरलेल्या रोगात केमोथेरपी देतात. काहींच्या रोगपेशींवर हर-२ नावाचे प्रथिन सापडते. तिथे त्या प्रथिनावरच नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडते.

रोग दहा वर्षांनीही उलटलेला आढळतो. त्यामुळे तपासणी चालूच राहते, आणि जुन्या जागेवर पुन्हा खाज उठली तर ट्यूब न आणता नव्याने तुकडा काढतात.