हंगामपूर्व सराव शिबिर (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठांचे फुटबॉल संघ हंगामातील पहिल्या सामन्याआधी सुमारे चार आठवडे जो सलग सराव करतात, त्याला हंगामपूर्व सराव शिबिर किंवा तेथील रूढ नावाने ‘फॉल कॅम्प’ म्हणतात. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूने, हेल्मेट व पॅड चढवून, प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल अभिप्रेत आहे. शिबिर जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि हंगामाचे सामने ऑगस्टच्या शेवटच्या व सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात. एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेतील संघ हंगामापूर्वी एकमेकांशी सरावाचे सामने खेळतात. महाविद्यालयीन संघांना मात्र ऑगस्टमध्ये तशी सोय नसल्याने त्यांचा पहिलाच सामना गुणतक्त्यात मोजला जातो, आणि नियमित हंगाम जेमतेम बारा सामन्यांचा असल्यामुळे सुरुवातीची एखादी हारही महागात पडते. संघात कोण खेळणार, कोण राखीव राहणार आणि डावपेच कोणते, याचा निकाल त्यामुळे बव्हंशी शिबिरातच लागतो.

संघाची तयारी वर्षभर चालते. वसंतात पंधरा सत्रांचा सराव होतो आणि उन्हाळ्यात व्यायामशाळेत वजन उचलणे व धावणे चालू असते. तरीही पूर्ण पोशाखात, सर्व प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आणि नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांसह अख्खा संघ एकत्र येतो तो ऑगस्टमध्येच. त्या वेळी विद्यापीठाचे वर्ग सुरू झालेले नसतात. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) नियमानुसार हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक वेळ खेळासाठी घेता येत नाही, पण ही मर्यादा शिबिराच्या काळात लागू नसते. त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंतचा खेळाडूचा वेळ प्रशिक्षकांच्या हाती राहतो. ऑगस्टमध्ये उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पोहोचणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना वसतिगृहात सामान लावताना दूरच्या मैदानावरून ऐकू येणारे भोंगे बहुधा याच सरावाचे असतात.

दिवसाची सुरुवात पहाटे होते. घोट्यांना चिकटपट्ट्या बांधून घेणे, वजन करणे आणि मैदानावरील आपापल्या जागेच्या प्रशिक्षकासोबत बैठक आटोपल्यावर खेळाडू मैदानात उतरतात. दोन-अडीच तासांचे सत्र साधारण पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत विभागलेले असते आणि प्रत्येक तुकडीच्या शेवटी भोंगा वाजतो. आधी प्रत्येक जागेचे खेळाडू वेगळे सराव करतात. मग फक्त चेंडू फेकणारे, झेलणारे आणि त्यांना अडवणारे यांचा सात विरुद्ध सात असा खेळ होतो, आणि शेवटी अकरा विरुद्ध अकरा. कोणती चाल कोणत्या क्रमाने खेळायची हे आदल्या रात्रीच कागदावर ठरलेले असते. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा खेळाडू, वेगळ्या रंगाची जर्सी घालतो आणि त्याला पाडायला मनाई असते, कारण त्याच्या दुखापतीने सबंध हंगाम हातचा जाऊ शकतो. साऱ्या सरावाचे उंचावरून चित्रीकरण होते, आणि दुपारी किंवा रात्री त्याच चित्रफिती थांबवून थांबवून पाहिल्या जातात. ज्याने ठरलेल्या मार्गावरून धावताना एक पाऊल चुकवले, त्याला ते पाऊल सर्वांसमोर पुन्हा पुन्हा पाहावे लागते. शिबिरातील शारीरिक कष्टांबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण नव्या खेळाडूंना खरी दमछाक होते ती बैठकांत, कारण डावपेचांची वही जाडजूड असते आणि शाळेत केवळ वेग वा ताकदीवर चालून गेलेले येथे चालत नाही.

या साऱ्यातून जो तक्ता तयार होतो त्याला ‘डेप्थ चार्ट’ म्हणतात. प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा व तिसरा खेळाडू कोण हे त्यात नोंदलेले असते. शिष्यवृत्तीवर आलेल्यांबरोबरच स्वखर्चाने शिकत संघात जागा मिळवू पाहणारे ‘वॉक-ऑन’ खेळाडूही सरावात असतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना प्रत्यक्ष सामन्यात मैदान दिसत नाही. पुढील प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करून आपल्याच मुख्य संघाविरुद्ध खेळणे हे त्यांचे काम असते. शिबिराच्या मध्यावर आणि शेवटाकडे पंच बोलावून लुटुपुटीचे सामने होतात, आणि त्यांच्या चित्रफिती पाहून तक्ता जवळजवळ पक्का केला जातो.

शिबिराच्या इतिहासात सर्वाधिक गाजलेले प्रकरण टेक्ससमधील आहे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने १९५४ मध्ये पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांना मुख्य प्रशिक्षक नेमले आणि सप्टेंबरमध्ये ते खेळाडूंना दोन बसमधून जंक्शन या लहानशा गावी घेऊन गेले, जेथे विद्यापीठाची एक जागा होती. त्या दशकात टेक्ससमध्ये भीषण दुष्काळ होता, मैदान खडकाळ व काटेरी होते आणि सरावात पाणी पिणे हा दुबळेपणा मानला जाई. पहाटेपासून चालणाऱ्या त्या सरावाला कंटाळून बहुसंख्य खेळाडू रात्रीबेरात्री निघून गेले. एक खेळाडू उष्माघाताने कोसळला आणि थोडक्यात वाचला. दहा दिवसांनी जेमतेम तीन डझन खेळाडू परतले. त्या हंगामात संघाने दहापैकी एकच सामना जिंकला. ब्रायंट यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीतील पराभव अधिक असलेला तो एकमेव हंगाम ठरला. मात्र १९५६ मध्ये तोच संघ एकही सामना न हरता साउथवेस्ट कॉन्फरन्स या प्रादेशिक गटस्पर्धेचा विजेता झाला, आणि जंक्शनमध्ये टिकून राहिलेल्यांपैकी जीन स्टॉलिंग्ज व जॅक पार्डी हे पुढे नामवंत प्रशिक्षक झाले. त्यामुळे जंक्शनच्या छळातूनच विजेता संघ घडला अशी आख्यायिका रूढ झाली. ती तपासून पाहण्याजोगी आहे. १९५६ च्या संघाचा आधारस्तंभ आणि वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पारितोषिकाचा १९५७ चा विजेता जॉन डेव्हिड क्रो जंक्शनला गेलाच नव्हता, कारण १९५४ मध्ये तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता आणि तेव्हाच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मुख्य संघात नसत. सोडून गेलेल्यांत किती चांगले खेळाडू होते याचा हिशेब आख्यायिकेत येत नाही.

पाणी नाकारण्याची ही पद्धत एकट्या ब्रायंट यांची नव्हती. पाणी प्यायल्याने पोटात गोळे येतात आणि खेळाडू मऊ पडतो, असा समज देशभरच्या प्रशिक्षकांत होता. त्याला तडा जाण्यास फ्लोरिडा विद्यापीठातील एक प्रश्न कारणीभूत ठरला. १९६५ मध्ये तेथील एका साहाय्यक प्रशिक्षकाने, आपले खेळाडू सामन्यानंतर लघवीला का जात नाहीत, असे विद्यापीठातील वैद्य रॉबर्ट केड यांना विचारले. घामावाटे शरीरातील पाणी व क्षार इतके जात होते की लघवीसाठी काही उरतच नव्हते, हे केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यांनी पाणी, साखर, मीठ आणि लिंबाचा रस यांचे जे पेय बनवले, त्याला विद्यापीठाच्या ‘गेटर्स’ संघावरून गेटोरेड हे नाव मिळाले. सरावाच्या मैदानाकडेला पेयाची पिंपे दिसू लागली ती त्यानंतर.

उष्णतेचा धोका या खेळात इतर खेळांपेक्षा अधिक का, याचे कारण पोशाखात आणि शरीरयष्टीत आहे. हेल्मेट आणि पॅड यांमुळे घाम सुकायला वाव राहत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. आक्रमक फळीतील, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहून त्याचे रक्षण करणाऱ्या खेळाडूंचे वजन १३५ किलोच्या आसपास किंवा अधिक असते, त्यामुळे त्यांच्या शरीरात निर्माण होणारी उष्णता जास्त आणि ती बाहेर टाकण्याची क्षमता तुलनेने कमी असते. उष्माघाताच्या नोंदींत याच फळीतील खेळाडू अधिक आढळतात. शरीराला उकाड्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि तेवढ्याच श्रमात हृदयाच्या ठोक्यांचा वेग कमी राहतो. शिबिराचे पहिले दिवस नेमके या सवयीच्या आधीचे असल्याने तेच सर्वांत घातक ठरतात.

२००१ च्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या मैदानांवर काही आठवड्यांच्या अंतराने मृत्यू झाले. त्यांतला सर्वाधिक गाजलेला मृत्यू मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाच्या कोरी स्ट्रिंगर याचा होता, जो शिबिराच्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि १ ऑगस्ट रोजी मरण पावला. महाविद्यालयीन खेळाडूंचेही बळी गेले होते. त्यानंतर एनसीएएने २००३ पासून पाच दिवसांच्या सवयीच्या कालावधीचा नियम केला. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पुढचे दोन दिवस हेल्मेट व खांद्यांची पॅड, आणि पाचव्या दिवशी पूर्ण पोशाख, असा तो क्रम होता, आणि या दिवसांत रोज एकच सराव घेता येई. स्ट्रिंगरच्या नावाने २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात एक संस्था स्थापन झाली, जी उष्माघात टाळण्याचे व उपचारांचे निकष ठरवण्याचे काम करते. आता अनेक मैदानांवर केवळ तापमान न पाहता आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्रित निर्देशांक मोजून सत्र कमी करायचे की रद्द करायचे हे ठरवतात, सरावाआधी व नंतर खेळाडूंचे वजन करून किती पाणी गेले हे पाहतात, आणि बर्फाच्या पाण्याने भरलेली टाकी मैदानालगत तयार ठेवतात. उष्माघातात शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा खेळाडूला आधी जागेवरच टाकीत बुडवून थंड करायचे आणि मगच रुग्णालयात न्यायचे, हा क्रम आता सर्वमान्य आहे. त्याकडे दुर्लक्ष झाल्याने काय होते हे मेरिलंड विद्यापीठाच्या जॉर्डन मॅकनेअर याच्या २०१८ मधील मृत्यूने दाखवून दिले. तो हंगामपूर्व शिबिरात नव्हे, तर मे महिन्यातील धावण्याच्या सरावात कोसळला होता. थंड पाण्यात बुडवण्याचा उपचार त्याला मिळाला नव्हता.

दुसरा धोका डोक्याचा. पूर्वीच्या शिबिरांत दिवसातून दोन सत्रे होत, आणि दोन्ही सत्रांत पूर्ण ताकदीने टक्कर घेतली जाई. अरुंद पट्ट्यात दोन खेळाडूंना समोरासमोर उभे करून एकमेकांवर धडकवणारा ‘ओक्लाहोमा ड्रिल’ हा सराव कणखरपणाची कसोटी मानला जाई. ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्रशिक्षक बड विल्किन्सन यांच्या नावाशी तो जोडलेला आहे. एनसीएएने २०१७ मध्ये एका दिवसात टकरींची दोन सत्रे घेण्यास बंदी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा विद्यापीठांतील ६५८ खेळाडूंच्या पाच हंगामांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूला धक्का बसल्याच्या एकूण घटनांपैकी ७२ टक्के सरावात आणि जवळपास निम्म्या हंगामपूर्व काळातच घडल्याचे दिसले, वास्तविक तो काळ वर्षाच्या फुटबॉलचा सुमारे पाचवा हिस्साच असतो. म्हणजे प्रेक्षकांसमोरच्या सामन्यांपेक्षा बंद दाराआडचा सरावच डोक्याला अधिक महाग पडत होता. त्याच वर्षी नियम पुन्हा कडक झाले. शिबिरात जास्तीत जास्त २५ सत्रे, त्यांपैकी पूर्ण पोशाखातील नऊ, पूर्ण टकरींचा सराव सलग दोन दिवसांपेक्षा अधिक नाही आणि एका सत्रात ७५ मिनिटांपेक्षा अधिक नाही, सवयीचा कालावधी पाचऐवजी सात दिवस, आणि ओक्लाहोमा ड्रिलसारख्या सरावांना मनाई, असे त्यांचे स्वरूप आहे.

याच्याही पुढे एक प्रयोग आधीच होऊन गेला होता. न्यू हॅम्पशरमधील डार्टमथ महाविद्यालयाचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात खेळाडूंनी एकमेकांना पाडणे पूर्णपणे बंद केले. पाडण्याचे तंत्र ते गाद्यांवर व बाहुल्यांवर शिकवत. पुढे तेथील अभियांत्रिकी शाळेतील लोकांनी दूरनियंत्रकावर पळणारी, धडक बसून पडल्यावर आपोआप उभी राहणारी बाहुली तयार केली. एकमेकांना न पाडता सराव करणारा संघ सामन्यात ढिला पडेल, ही टीकाकारांची अटकळ खोटी ठरली आणि डार्टमथने २०१५ मध्ये आयव्ही लीग या आठ विद्यापीठांच्या स्पर्धेच्या विजेतेपदात वाटा मिळवला. २०१६ मध्ये लीगच्या आठही प्रशिक्षकांनी हंगाम सुरू असतानाच्या सरावात पूर्ण टॅकलिंग, म्हणजे एकमेकांना धरून जमिनीवर पाडणे, थांबवण्यास एकमताने मान्यता दिली. मोठ्या संघांनी मात्र एवढी मजल मारलेली नाही. टक्कर न देता टक्कर शिकता येते यावर तेथील प्रशिक्षकांचा अजून पुरता विश्वास बसलेला दिसत नाही.

अलीकडे शिबिराचे स्वरूप बदलते आहे ते संघरचनेमुळे. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष न थांबता दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावण्याचीही. परिणामी ऑगस्टमध्ये एकत्र येणाऱ्या संघातील अनेकजण आदल्या वर्षी दुसऱ्याच संघात असतात, आणि एकमेकांची ओळख होण्यापासून शिबिराची सुरुवात करावी लागते. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा जाऊन ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी संघातील एकूण खेळाडूंची संख्या १०५ इतकी बांधली गेली. शिष्यवृत्त्या त्यामुळे वाढू शकतात, पण सव्वाशेच्या आसपास खेळाडू बाळगणाऱ्या मोठ्या संघांत त्याचा फटका बसला तो वॉक-ऑन खेळाडूंना. आधीपासून संघात असलेल्या काहींना या मर्यादेतून सूट मिळाली आहे. नव्याने येणाऱ्यांना मात्र शिबिरात पाऊल ठेवण्यासाठीच १०५ जणांत जागा मिळवावी लागते.