सौर घट आणि सौर पॅनेल

सूर्यप्रकाशापासून थेट वीज निर्माण करणाऱ्या अर्धवाहक (विजेचा ना पुरता वाहक, ना पुरता रोधक अशा पदार्थाच्या) चकतीला सौर घट म्हणतात. असे अनेक घट जोडून काचेखाली सीलबंद केले की सौर पॅनेल तयार होते. गच्चीवरच्या पाणी तापवण्याच्या यंत्रालाही आपण 'सोलर'च म्हणतो, त्यामुळे ऊन जितके तापेल तितकी वीज जास्त, असा समज पसरला आहे. पाणी उष्णतेने तापते. घटाला मात्र उजेड हवा असतो, आणि उष्णता त्याच्या मुळावर येते.

बहुतेक घट सिलिकॉनचे असतात. अतिशुद्ध सिलिकॉन सुमारे 1414 अंश सेल्सिअसला वितळवून त्यात एक छोटा स्फटिक टेकवतात आणि तो फिरवत सावकाश वर ओढतात. त्याच्याभोवती एकसंध स्फटिकाचा दंडगोल वाढत जातो. ही पद्धत यान चोख्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाला 1916 मध्ये सापडली. पुढे हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने दंडगोलाच्या चकत्या कापतात. त्यांची जाडी 0.2 मिलिमीटरहूनही कमी असते. उडदाचा पापडही यापुढे जाड म्हणायचा.

शुद्ध सिलिकॉनमधून वीज जेमतेमच वाहते. म्हणून त्यात मुद्दाम भेसळ करतात. फॉस्फरस मिसळला की मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात (एन-प्रकार). बोरॉन किंवा गॅलियम मिसळले की इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे छिद्रे, वाढतात (पी-प्रकार). हे दोन थर जिथे भिडतात तिथे काही इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन छिद्रे भरतात. मागे उरलेल्या स्थिर भारांमुळे सीमेवर कायमचे विद्युत क्षेत्र तयार होते, आणि घटाचे सारे मर्म या क्षेत्रात आहे. सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जेचा प्रकाशकण आत शिरला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी छिद्र राहते. क्षेत्र इलेक्ट्रॉनला एन-बाजूला आणि छिद्राला पी-बाजूला ढकलते. बाहेरून तार जोडली की प्रवाह सुरू. यात यंत्राचा कोणताही भाग हलत नाही, काही जळत नाही, संपत नाही.

प्रकाशाने विद्युतदाब निर्माण होतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकरेल यांनी 1839 मध्येच पाहिले होते. पण कामाचा सिलिकॉन घट 1954 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी बनवला. त्याची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशऊर्जेतला विजेत बदलणारा वाटा, सुमारे 6 टक्के होती. आज बाजारातली चांगली पॅनेल 20 टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. सिलिकॉनच्या एकेरी घटाची सैद्धांतिक मर्यादाच 29 टक्क्यांच्या आसपास आहे. कारण कमी ऊर्जेचे प्रकाशकण इलेक्ट्रॉन सोडवू शकत नाहीत आणि जास्त ऊर्जेच्या कणांची वरकड ऊर्जा उष्णतेत जाते.

एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. म्हणून साखळीसारखे 60 घट जोडले की कामाचा दाब 30 व्होल्टच्या घरात जातो. घटांवर बारीक चांदीच्या रेघा छापलेल्या असतात, त्या प्रवाह गोळा करतात. निळसर रंग परावर्तन रोखणाऱ्या सिलिकॉन नायट्राइडच्या थराचा. वर कडक केलेली काच, घटांच्या वरखाली पारदर्शक प्लॅस्टिकचा थर, मागे प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण किंवा दुसरी काच आणि कडेने ॲल्युमिनियमची चौकट, अशी ही बांधणी असते.

साखळी असल्यामुळे सर्वांत दुबळा घट सगळ्यांना अडवतो. पाण्याच्या टाकीची सावली किंवा दोरीवरचा टॉवेलसुद्धा पुरतो! सावलीतला घट तापून करपू नये म्हणून मागच्या डबीत सहसा तीन बायपास डायोड बसवतात. सावली पडली की ते तेवढा गट वगळून प्रवाहाला वाट देतात.

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे घट 25 अंशांवर असतानाचे असतात. मे महिन्यात विदर्भातल्या गच्चीवर तो 65 अंशांपर्यंत सहज तापतो, आणि दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते; म्हणजे 12 ते 16 टक्क्यांची तूट. त्यामुळे पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतकी जागा ठेवतात. धूळ साचली की धुवावे, पण सकाळी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते.