ध्वनिशोषक फलक

खोलीतला आवाज भिंती, छत आणि फरशीवर आपटून घुमत राहू नये म्हणून बसवलेले सच्छिद्र किंवा भोकांचे आवरण. बोलीत याला ‘अकूस्टिक पॅनेल’ म्हणतात. ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), पॉलिएस्टर फेल्ट, भोके पाडलेला जिप्सम बोर्ड किंवा प्लायवूड, आणि लाकडाचे तंतू सिमेंटमध्ये बांधून केलेले बोर्ड हे नेहमीचे प्रकार. शेवटच्या प्रकारासाठी डेन्मार्कमधील ट्रोल्डहेडे हे गाव प्रसिद्ध आहे. ‘ट्रोल्डटेक्ट’ हे फलक तिथे १९३५ पासून बनतात, आणि घटक दोनच: स्प्रूसचे लाकूड आणि सिमेंट.

फलक खोलीतला घुमारा कमी करतो. शेजारचा आवाज थांबवायला मात्र वजनदार, फटी नसलेली भिंत आणि दाराला घट्ट रबरी पट्टी लागते. फलक लावूनही शेजारचा टीव्ही ऐकू येतो ही तक्रार नेहमीची, आणि तिचे कारण हेच.

खोलीतल्या ध्वनीच्या शास्त्राचा पाया अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी घातला. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. १८९५ पासून सॅबिन रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी आणि घड्याळ घेऊन मोजमापे करू लागले. रिकाम्या सभागृहात आवाज विरायला ५.६२ सेकंद लागत. दुसऱ्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून ते एकेक करून मांडत गेले आणि त्यातून त्यांना सूत्र सापडले: खोलीचे घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषणांक, म्हणजे आदळलेल्या ध्वनीपैकी तो गिळतो तो वाटा, या सर्वांची बेरीज), म्हणजे निनादकाल. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा हा वेळ. १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टन सिंफनी हॉलची रचना याच हिशोबावर झाली.

एक वर्ग घेऊन पाहू. ९ मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच. घनफळ १६२ घनमीटर. प्लॅस्टर आणि टाइल मिळून पृष्ठभाग १९८ चौरस मीटर, शोषणांक सुमारे ०.०३, म्हणून शोषण जेमतेम ६ एकक. निनादकाल ४ सेकंदांच्या वर जातो. मुलांना शब्द स्पष्ट ऐकू यायचे तर तो ०.६ सेकंदांपर्यंत आणावा लागतो आणि त्यासाठी सुमारे ४३ एकक शोषण हवे. उरलेल्या उघड्या पृष्ठभागांचे थोडे शोषण धरून ०.८५ शोषणांकाचा फलक घेतला तरी ४६ चौरस मीटर लागतात, म्हणजे जवळजवळ सगळे छत! समोरच्या भिंतीवर चार रंगीत चौकोन लावून हे होत नाही. छत पुरत नसेल तर मागची भिंत घ्यावी. समोरासमोरच्या उघड्या भिंतींपैकी निदान एक तरी झाकावी, नाहीतर टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असा फडफडाट ऐकू येतो.

सच्छिद्र फलकात हवेचे कण तंतूंना घासतात आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलते. हवा सर्वांत वेगाने हलते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ५०० हर्ट्झला हे अंतर सुमारे १७ सेंटिमीटर, १२५ हर्ट्झला ६९. म्हणून भिंतीला चिकटवलेला २५ मिलिमीटरचा फलक वरचे स्वर खातो आणि खालचे तसेच ठेवतो. खोली बोथट होते, पण डग्ग्याची घुमक राहतेच. ५० मिलिमीटर ग्लासवूल (घनता ४८ किलो प्रति घनमीटर) आणि मागे ५० मिलिमीटर पोकळी हा त्याच पैशात बराच चांगला सौदा.

उत्पादकाचा सचोटीपणा त्याच्या चाचणी-अहवालात दिसतो. एनआरसी (नॉइज रिडक्शन कोएफिशंट) हा आकडा २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या शोषणांकांची सरासरी. १२५ हर्ट्झ त्यात नाहीच. म्हणून प्रत्येक वारंवारतेचा वेगळा तक्ता मागावा आणि नमुना कसा बसवला होता ते वाचावे. ४०० मिलिमीटर पोकळीवर मोजलेला आकडा भिंतीला थेट चिकटवलेल्या फलकाला लागू होत नाही.

बसवताना घोटाळे ठरलेले आहेत. डिस्टेंपरवर चिकटवलेला फलक पापुद्र्यासकट खाली येतो. खरवडून प्लॅस्टरपर्यंत जावे किंवा चौकट ठोकावी. कापड तोंडाला लावून फुंकावे. श्वास सहज आरपार गेला तरच ते फलकावर चालते. रोलरने ऑइलपेंट मारला की छिद्रे बुजतात आणि फलक नुसती पाटी उरतो. कोकणात ओलाव्याने छताच्या साध्या मिनरल फायबर टाइल्स मधोमध पोट काढतात, म्हणून ९५ टक्के आर्द्रतेला टिकणारी जात घ्यावी. गळकी भिंत आधी दुरुस्त करावी.

स्वस्त पॉलियुरेथेन फोम मात्र टाळावाच. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका नाइटक्लबमध्ये रंगमंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरचा असा फोम पेटला आणि १०० माणसे गेली. अग्निचाचणीचे प्रमाणपत्र नसलेला फलक कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

जास्त शोषणही बिघाडच. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रातील टाटा थिएटर (१९८०) ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी माइकशिवाय भारतीय संगीत ऐकू यावे या हेतूने घडवले. अशा जागी परावर्तन जपावे लागते, नाहीतर तानपुऱ्याचा झंकार गादीत शिरून मरतो. गाण्याच्या खोलीत म्हणून एक-दोन पृष्ठभाग लाकडाचे उघडे ठेवतात.

देखभाल थोडी आहे. सहा महिन्यांतून एकदा मऊ ब्रशच्या व्हॅक्युमने धूळ ओढावी. ओल्या फडक्याने पुसल्यास धूळ छिद्रांत बसते.